शिष्य व्हायचं तर सोडायचं काय, आणि कुणाचं?

प्रश्न : माझं माहेर आदिलाबाद जिल्ह्यात, बेला मंडलात. सासर पैनगंगेपल्याड, महाराष्ट्रात. माहेरी घरात मराठी, कचेरीत तेलुगू असं चालतं. वडील वारले. थोडी कोरडवाहू जमीन आहे, कापूस आणि तूर घेतो. धाकटा भाऊ डिग्री करून आदिलाबादला एका दुकानात हिशेब लिहितो. काही वर्षांपासून तो प्रार्थनेला जाऊ लागला. तंबाखू सुटली, आईवर खेकसणं थांबलं, याचा आम्हाला आनंदच आहे. पण आता तो म्हणतो, मला पाचारण झालंय, नोकरी सोडून बायबल शाळेत जाणार, मग सेवेत, जमीनही विकून टाकू, कारण येशूनं शिष्यांना सगळं सोडून यायला सांगितलं. घरावर सावकाराचं कर्ज आहे आणि आईला गुडघ्यांमुळे चार पावलं चालवत नाहीत. येशू खरंच असं म्हणाला का? म्हणाला असेल तर आईचं काय? आम्ही माळकरी घरातले, बायबल वाचलेलं नाही. भांडण करायचं नाही, समजून घ्यायचंय.

उत्तर : ताई, भावाशी वाद घालायला शस्त्र द्या, असं तुम्ही मागितलं नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते कळावं म्हणून विचारलंत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो. येशू असं म्हणाला, आणि मऊ शब्दांत नाही म्हणाला. लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात तीन माणसं त्याच्या वाटेत येतात. एकाला तो सांगतो की माझ्याबरोबर येशील तर डोकं टेकायलाही जागा मिळणार नाही. दुसरा आधी बापाचं दफन करून येतो म्हणतो, त्याला तो थांबू देत नाही. तिसऱ्याला घरच्यांचा निरोप घ्यायचा असतो, तर त्याला नांगराला हात घालून मागं बघणाऱ्याबद्दल सुनावतो. पुढं चौदाव्या अध्यायात आईबाप, बायकोमुलं, भावंडं आणि स्वतःचा जीव, यांच्याहून मला वर ठेवता येत नसेल तर माझं शिष्य होता येणार नाही, असं तो गर्दीला तोंडावर सांगतो. मार्कच्या दहाव्या अध्यायातल्या श्रीमंत माणसाला तर त्यानं सगळं विकून गरिबांना वाटायलाच सांगितलं, आणि तो माणूस खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्यामागे धावला नाही, अटही सैल केली नाही.

ही वचनं इतकी कडक नाहीतच, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी तसं सांगणार नाही. तुमच्या भावाला ती जशीच्या तशी भिडली असतील तर त्यानं ती नीट ऐकली आहेत.

माझं म्हणणं एवढंच, की त्यानं त्या पानांवर अजून थोडं थांबावं. चौदाव्या अध्यायात त्या कठोर वाक्याला लागूनच येशू दोन गोष्टी सांगतो. एक माणूस बुरूज बांधायला काढतो. पाया घालून झाल्यावर पैसे संपले तर लोक हसतील, म्हणून शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. एक राजा लढाईला निघण्याआधी आपलं सैन्य किती, समोरच्याचं किती, ते मोजतो. म्हणजे जो सगळं सोडायला सांगतो, तोच त्याच दमात हिशेबाला बसायलाही सांगतो. तुमचा भाऊ दुकानात रोज हेच काम करतो. या बाबतीतही त्यानं वही उघडावी. आईच्या औषधाचा खर्च किती, सावकाराचं व्याज किती, जमीन कुणाकुणाची, हे सगळं त्या वहीत यायला हवं. हिशेब मांडला म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं त्याला कुणी सांगत असेल तर ते येशूच्या बोलण्याच्या उलट आहे.

आणखी काही बारीक तपशील आहेत. शुभवर्तमान भरभर वाचणाऱ्याच्या नजरेतून ते निसटतात. याकोब आणि योहान हे दोघे भाऊ जाळी टाकून येशूच्या मागे गेले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मार्क तिथं एक ओळ जास्त लिहितो. त्यांनी बाप जब्दीला तारवात सोडला तेव्हा त्याच्याजवळ मजुरीचे गडी होते. म्हाताऱ्याचा धंदा उघड्यावर टाकून पोरं गेली नाहीत, जाळं ओढायला माणसं होती. येशूचा शिष्य पेत्र यानंही जाळी सोडली, पण त्याच अध्यायात थोडं पुढं येशू पेत्राच्याच घरी जातो आणि तापानं पडलेल्या त्याच्या सासूला उठवून बसवतो. घर होतं, सासू होती, आणि पुढं प्रेषित पौलाच्या एका पत्रावरून कळतं की पेत्र प्रवासाला बायकोला बरोबर घेऊन जात असे. लेवी नावाचा जकातदार सगळं सोडून उठला, असं लूक लिहितो, आणि लगेच पुढं त्याच लेवीनं आपल्या घरी येशूला मोठी मेजवानी दिली असंही लिहितो. जकातनाक्यावरची कमाई सुटली. घराचं दार मात्र आता इतरांसाठी उघडं झालं.

आणि एक माणूस असा आहे, ज्याला येशूनं चक्क परत पाठवलं. गरसेकरांच्या मुलुखात थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा एक वेडा होता. बरा झाल्यावर तो येशूबरोबर तारवात चढू देण्यासाठी गयावया करू लागला. येशूनं त्याला घेतलं नाही. तू घरी जा, तुझ्या माणसांना सांग, असं म्हणून त्याला मागं ठेवलं. त्या माणसाचं पाचारण त्याच्या घराच्या दिशेनंच होतं. तुमच्या भावाला मी आधी हा प्रसंग वाचायला देईन. मार्कचा पाचवा अध्याय.

त्यानंतर सातवा. त्या काळी एक रीत होती. माणूस आपली मालमत्ता देवाला वाहिली असं जाहीर करायचा, आणि मग आईबापांनी मदत मागितली की हात झटकायचा, हे आता देवाचं झालं, तुम्हाला कसं देऊ? येशू अशा लोकांवर जितका चिडला तितका क्वचितच कुणावर चिडला असेल. देवाच्या नावानं आईबापांना उपाशी ठेवणं म्हणजे देवाची आज्ञा मोडणं, असं त्यानं त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं. आणि स्वतः वधस्तंभावर खिळलेला असताना, योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे, त्यानं आपली आई एका शिष्याच्या हवाली केली. मरणाच्या वेदनेत असलेल्या माणसानं आईची सोय लावली, तर चांगल्या धडधाकट तरुणाला ती लावायला वेळ नाही असं कसं म्हणता येईल?

हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. शिष्य होताना माणसानं जे सोडायचं ते स्वतःचं असावं लागतं. आपली कमाई, आपली प्रतिष्ठा, आपला आराम, आपलं म्हणणंच खरं करण्याची खोड, यातलं काहीही सोडायला येशू सांगू शकतो, आणि सगळंच सोडायलाही सांगू शकतो. पण आईची भाकरी ही भावाच्या मालकीची वस्तू नाही. सावकाराकडून उसने घेतलेले पैसे त्याचे नाहीत. वडिलांमागे राहिलेल्या जमिनीत आईचा वाटा आहे, तुमचाही आहे. जे आपलं नाही ते सोडून देण्यात त्याग कसला? त्याचा भार दुसऱ्यावर पडतो, एवढंच होतं.

तुम्ही माळकरी घरातल्या आहात म्हणून एक आठवण करून देतो. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकलीच असेल. परंपरा असं सांगते की त्यांनी आधी खतांची वाटणी केली. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची निम्मी त्याच्या हातात दिली, आणि पाण्यात टाकली ती फक्त आपल्या वाट्याची. इतकं मोठं वैराग्य, आणि तरी भावाच्या कागदाला हात लावला नाही. मला ही कथा सावकारीच्या त्यागाइतकीच त्या वाटणीसाठी महत्त्वाची वाटते.

तुकोबांवरून नारायण वामन टिळकांकडे येतो, कारण मराठीत या प्रश्नाचं सगळ्यात खरं उत्तर त्यांच्या घरात सापडतं. तुकारामांच्या वाटेनं चालता चालता आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं टिळक मानत. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेला हा कवी. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं जाताना डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्यानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचताना टिळक हलले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चित्पावन ब्राह्मण घर, त्या काळातली जात, नातीगोती, मानमरातब, सगळं एका दिवसात तुटलं. त्यांनी खरोखर सगळं सोडलं होतं.

पण त्या दिवशी त्यांच्याबरोबर आणखी कुणाचं तरी सगळं सुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या आसपास होत्या, आणि पदरात दत्तू हा लहान मुलगा. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नवरा जिवंत असून संसार संपला. जवळजवळ पाच वर्षं त्या नात्यागोत्यातल्यांच्या आधारानं दिवस काढत राहिल्या. लोकांची कीव आणि कुजबूज दोन्ही त्यांनी सोसली. टिळक पत्रं लिहीत, भेटायला येत, बायकोमुलावर त्यांचं प्रेम होतं यात शंका घ्यायला जागा नाही. तरीही त्या पाच वर्षांचा खर्च टिळकांच्या वहीत पडला नव्हता, तो लक्ष्मीबाईंच्या वहीत पडला होता. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग 1934 मध्ये आला. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत ते आजही पहिल्या रांगेत आहे. त्यात कडवटपणा नाही, पण जे झालं ते झाकलेलंही नाही. पाचारण झालेल्या प्रत्येक तरुणानं ते वाचावं असं मला मनापासून वाटतं. पाचारण ऐकणाऱ्याच्या घरात मागं राहिलेल्या माणसाला काय ऐकू येतं, ते त्यात आहे.

पुढं काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याजवळ आल्या त्या आपलं सोवळं घेऊन. त्याच घरात त्यांनी आपलं खाणंपिणं वेगळं ठेवलं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग त्या स्वतःच विचार करू लागल्या की जात देवानं केली की माणसानं, आणि माणसानं केली असेल तर ती पाळायची कशाला. एक एक करत त्यांनी ते सोडलं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानं एका झटक्यात जे सोडलं, ते बाईनं स्वतःच्या बुद्धीनं आणि स्वतःच्या वेळेनं सोडलं. मला विचाराल तर शिष्यत्वाचा जास्त भरवशाचा नमुना मी लक्ष्मीबाईंचा मानतो. त्यांनी जे सोडलं ते निखळ त्यांचं होतं, त्यांच्या सोवळ्याचा मान, त्यांच्या हाडात मुरलेली शिवाशिव. त्यापायी दुसऱ्या कुणाला उपाशी राहावं लागलं नाही. उलट, घराचं दार मोठं झालं. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या निधनानं अपुरं राहिलं, तेही पुढं लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं.

टिळकांवर अन्याय व्हायला नको. त्यांनी आयुष्याच्या शेवटी आणखी एकदा सोडलं, आणि ते सोडणं वेगळं होतं. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांचं स्थान पक्कं होतं, पगार होता, 1904 पासून ते दीक्षित पाळक होते. 1917 मध्ये त्यांनी तो पगार आणि ते स्थान सोडलं आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावं असा तो प्रयत्न होता. परदेशी मिशनच्या पैशावर उभी राहिलेली ख्रिस्ती मंडळी आपल्या लोकांना परकी वाटते, हे त्यांना सलत होतं. या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर होत्या. पुढं जेमतेम दोन वर्षं मिळाली. 9 मे 1919 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. पहिल्या त्यागात घाई होती, दुसऱ्यात बावीस वर्षांची समज होती, असं मला वाटतं.

इटलीतल्या असिसीच्या फ्रान्सिसचंही एक उदाहरण आहे. 1206 च्या सुमाराला त्यानं पडक्या देवळाच्या दुरुस्तीसाठी बापाच्या दुकानातलं कापड आणि घोडा विकला. हेतू चांगला होता. बाप तक्रार घेऊन बिशपकडे गेला. बिशपनं फ्रान्सिसलाच सांगितलं की पैसे बापाला परत कर, देवाला असे पैसे नकोत. फ्रान्सिसनं पैसे तर दिलेच, अंगावरचे कपडेही काढून बापापुढं ठेवले आणि मग आपल्या वाटेला लागला. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या त्यागाची सुरुवात परतफेडीनं झाली आहे.

आता तुमच्या मुलखाकडे येतो. सोडून आलेली माणसं पाहायला तुम्हाला लांब जावं लागत नाही. 1962 मध्ये चांद्याला सिरो-मलबार या पौर्वात्य कॅथलिकांचं मिशन उभं राहिलं. केरळातल्या सीएमआय या संन्यासी संघाच्या धर्मगुरूंकडे ते सोपवलं होतं आणि आदिलाबाद जिल्हा त्यातच होता. 1999 मध्ये आदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्याचं मुख्य ठिकाण मंचेरियाल. नारळी-पोफळीच्या गावात वाढलेली मुलं आणि मुली कापसाच्या काळ्या मातीत आली, तेलुगू शिकली, शाळा आणि दवाखाने चालवू लागली. त्यांनी घर सोडलं, लग्न सोडलं, स्वतःच्या नावावर पैसा ठेवणं सोडलं. याला पूर्ण अर्थानं सोडणं म्हणतात.

पण या लोकांचा कायदा काय म्हणतो, ते तुमच्या भावाला सांगा. 1990 मध्ये जाहीर झालेली पौर्वात्य कॅथलिक चर्चची धर्मसंहिता या धर्मप्रांताला लागू आहे. तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे, की ज्या मुलाच्या आईबापांना किंवा आजीआजोबांना त्याच्या मदतीची खरोखर निकड आहे, त्याला मठात घेणं योग्य नाही. लहान मुलांना सांभाळण्यासाठी ज्याची गरज आहे अशा बापालाही घेऊ नये. 1983 च्या लॅटिन संहितेत तर फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्यालाही घेऊ नये असं आहे. शिवाय कुणालाही आल्या आल्या आजन्म व्रत देत नाहीत. आधी नवशिक्याचा काळ असतो, मग काही वर्षांची तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतर कायमची. इतक्या शतकांत हजारो तरुणांची पाचारणं तपासून चर्च या नियमांपाशी आलं आहे. तुमचा भाऊ कॅथलिक नसेल, छोट्याशा स्वतंत्र मंडळीत जात असेल, तरी या शहाणपणावर कुणा एका पंथाची मक्तेदारी नाही. तो ज्या बायबल शाळेत जाणार म्हणतो, तिथले लोक आईबद्दल आणि कर्जाबद्दल काय विचारतात ते बघा. काहीच विचारत नसतील, तर सावध व्हा.

जमीन विकण्याबद्दल थोडं. जमीन विकून पैसा मंडळीला द्यायचा, असं कुणी त्याच्या मनात भरवलं असेल तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढून त्याला वाचायला द्या. हनन्या नावाच्या माणसानं जमीन विकून पैसे आणले आणि त्यात लबाडी केली, त्याची गोष्ट आहे. पेत्र त्याला लबाडीबद्दल फटकारतो, पण त्याच बोलण्यात सांगतो की विकण्याआधी जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. कुणी तुला सक्ती केली नव्हती. पहिल्या मंडळीतही देणं आपखुशीचं होतं. तुमच्या घरी तर जमीन एकट्या भावाची नाहीच. आईची सही आणि तुमची संमती याशिवाय त्या जमिनीचा व्यवहार होऊ नये. त्यासाठी भांडावं लागलं तर भांडा, त्यात अधर्म नाही.

सेवा करायची तर नोकरी सोडावीच लागते, असंही नाही. पौल हा नव्या करारातला सगळ्यात जास्त फिरलेला माणूस. तो तंबू शिवायचा. करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोच्या घरी राहून त्यानं तेच काम केलं आणि शब्बाथाला सभास्थानात बोलला. कुणावर भार नको म्हणून आपण हातांनी राबतो, हे तो पत्रांतून पुन्हा पुन्हा लिहितो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात तर घरच्यांची काळजी न घेणाऱ्याला अविश्वासणाऱ्याहून वाईट ठरवलं आहे. आदिलाबादच्या दुकानात बसून खरा हिशेब लिहिणं, मालकानं दोन वह्या ठेवायला सांगितल्या तर नाही म्हणणं, कापसाच्या हंगामात घायकुतीला आलेल्या शेतकऱ्याला फसवलं जात असेल तर तोंड उघडणं, यातही नोकरी जाऊ शकते. हेही सोडणंच आहे, आणि त्यासाठी बायबल शाळेत नाव घालावं लागत नाही.

येशूच्या बोलण्यात आणखी एक तपशील आहे. पेत्र म्हणतो, आम्ही सगळं सोडलं. येशू उत्तर देतो की ज्यानं घर, भाऊ, बहीण, आई, बाप, मुलं, शेतं सोडली त्याला ती शंभरपटीनं मिळतील, आणि छळही बरोबर येईल. मार्कच्या यादीत परत मिळणाऱ्यांत घरं आहेत, भाऊबहिणी आहेत, आया आहेत, शेतं आहेत. बाप मात्र नाही. बापाची जागा देवाची, असा त्याचा अर्थ पुष्कळ अभ्यासक लावतात. मला त्यात घरातल्या हुकूमतीचा शेवट दिसतो. शिष्याला माणसं सोडायची नाहीत, त्यांच्यावरची सत्ता सोडायची आहे. तुमचा भाऊ एकट्यानं ठरवून, आईला आणि तुम्हाला नुसतं कळवून निघत असेल, तर त्यानं सगळं सोडलं आणि नेमकी हीच एक गोष्ट उराशी धरून ठेवली, असं होईल.

आता तुमच्या वाट्याचं. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिलं नाही तर उत्तर अर्धवट राहील. सत्ता सोडायची ती फक्त त्यानंच नाही. आईबापांहून मला वर ठेव, हे वाक्य येशूनं मागं घेतलेलं नाही. आईच्या औषधपाण्याची आणि रोजच्या सोबतीची नीट व्यवस्था लागली, कर्ज फिटलं किंवा फेडायची खात्रीची तजवीज झाली, जमीन शाबूत राहिली, आणि एवढं झाल्यावरही तो जायचं म्हणाला, तर मग त्याला थांबवायला कारण उरत नाही. तेव्हा आईचे अश्रू, चार लोक काय म्हणतील, तुझं लग्न कोण करणार, ही शस्त्रं बाहेर काढू नका. लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं नाही हा त्यांच्यावरचा अन्याय होता. तुम्हाला तुमचा भाऊ विचारत असेल, तर त्या विचारण्याचा मान ठेवा. आणि त्याचा धर्म बदलतोय म्हणून तो आपला राहिला नाही, असं माहेरी किंवा सासरी कुणाला बोलू देऊ नका. तंबाखू सुटलेला, आईशी गोड बोलणारा भाऊ तुम्हाला त्याच प्रार्थनेनं दिला आहे.

त्याला सांगायचं ते असं सांगा. या हंगामाचा कापूस घरात येऊ दे. तो विकला की सावकाराचं आधी फेडू. आईजवळ कोण राहणार ते तू, मी आणि आई, तिघं बसून ठरवू. तोवर नोकरी कर, प्रार्थनेला जा, आणि 'स्मृतिचित्रे' वाच. वर्षभरात तुझं मन बदललं नाही तर तू जा, आईकडे मी बघते.

पाचारण खरं असेल तर ते वर्षभर टिकेल. आणि ते टिकलं, तर ताई, तुम्ही दिलेला शब्द पाळा.